बारीक अंगातली चरबी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. त्यांच्या मधून भीमा वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तीच दोघांची शीव आहे. नदी असली तरी पावसाचे मान दोन्हीकडे तुटपुंजेच. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत इथवर पोचेपर्यंत फारसे पाणी उरत नाही. म्हणून कालवे येण्यापूर्वी इथल्या शेतीची घडी ठरून गेलेली होती. खरिपात हलक्या रानात बाजरी आणि तिच्यात तूर, मटकी, हुलगा यांच्या ओळी. रब्बीत काळ्या रानात ज्वारी, तिच्या सोबतीला हरभरा आणि कडेने काटेरी करडई. ही पिके कोणी पोषणशास्त्र वाचून एकत्र पेरली नव्हती. एक गेले तर दुसरे हाती लागावे, कडधान्याने जमिनीचा कस टिकावा, करडईच्या काट्यांमुळे गुरे आत शिरू नयेत, असा साधा हिशेब त्यामागे होता. पण शेतात शेजारी उभी असलेली ही पिके ताटातही शेजारीच येत. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीची आमटी किंवा मटकीची उसळ, करडईचे तेल, करडईच्याच कोवळ्या पानांची भाजी. आज आपण ज्यांना कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ म्हणतो, ते तिन्ही एकाच रानातून घरात येत होते.

हे चित्र फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पाऊस दगा देई तेव्हा तिन्ही एकदमच नाहीशी होत. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला खडी फोडण्याची कामे, तिथे मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो अजून आठवतो. पुढे पाणी आले. मुठेचा उजवा कालवा दौंडच्या रानांतून इंदापूरकडे गेला. शिरूरला घोड आणि चासकमान या धरणांचे पाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला. दौंडमध्ये पाटसला आणि शिरूरमध्ये न्हावऱ्याला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची धुराडी वाढली. रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती आल्या. हातात पैसा आला, दुकानातून धान्य आले, पोट भरण्याची विवंचना पुष्कळ घरांतून गेली.

आणि तरीही एक नवाच प्रश्न उभा राहिला. भाकरीची भ्रांत मिटलेल्या या मुलखात मधुमेह आला, आणि तो केवळ सुटलेल्या पोटांनाच गाठत नाही. ज्याला आपण ‘काटक’ म्हणतो अशा माणसाच्या रक्तातही साखर सापडते. हे का होते, याचे उत्तर शोधण्याच्या कामात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांचा मोठा वाटा आहे. ते समजून घेण्यासाठी आधी त्या तीन पोषकांची कामे पाहायला हवीत.

तिघांची तीन कामे

कर्बोदके म्हणजे मुख्यतः पिष्ट आणि साखर. भाकरी, पोळी, भात, साबुदाणा, गूळ, सगळ्यांचा शेवट आतड्यात बहुतांशी ग्लुकोजमध्ये होतो. एका ग्रॅममागे सुमारे ४ उष्मांक मिळतात. रक्तात ग्लुकोज वाढले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि पेशी ते ग्लुकोज आत घेतात. तातडीच्या गरजेहून जास्त झालेले ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. ही कोठी मात्र लहान असते. ती भरल्यावर उरलेल्याची चरबी होऊ लागते. जेवणानंतरचे ग्लुकोज सर्वांत जास्त कोण शोषून घेत असेल, तर स्नायू. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

स्निग्ध पदार्थ एका ग्रॅमला ९ उष्मांक देतात, म्हणून त्यांची बदनामी लवकर होते. पण प्रत्येक पेशीचे आवरण त्यांचेच बनलेले असते. मेंदूच्या घडणीत त्यांचा मोठा भाग असतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्यांच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. पहिले करडईच्या तेलात भरपूर असते, दुसरे जवसात. जवसाची चटणी केवळ तोंडी लावण्यापुरती नव्हती, हे इथे लक्षात यावे. खरे नुकसान होते ते तेल पुन्हा पुन्हा तापवण्याने आणि वनस्पती तुपासारख्या पदार्थांतल्या ट्रान्स मेदाने. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर २०२२पासून आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे.

प्रथिनेही ग्रॅममागे ४ उष्मांक देतात, पण जळण होणे हे त्यांचे खरे काम नव्हे. स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, पाचक रस, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे, स्वतः इन्शुलिनसुद्धा, हे सगळे प्रथिनांचे बनते. आणि यांची वेगळी कोठीच शरीरात नाही. धान्याची कणगी असते तशी प्रथिनांची कणगी नसते. रोजच्या जेवणातून पुरेशी मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून ती काढून घेते.

प्रथिने अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली ९ आहारातूनच यावी लागतात. धान्यांत लायसीन कमी असते. कडधान्यांत लायसीन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी आणि पिठले ही जोडी म्हणूनच गरिबाची असली तरी अडाण्याची नाही. बाजरीत ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट स्निग्धांश असतो, १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या वर. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते ते याचमुळे.

पुण्यातला जुना वाद

माणसाला काय कमी पडते, पोटभर अन्न की प्रथिने, हा वाद पुण्याला नवा नाही. १९६०च्या दशकात जगभरच्या तज्ज्ञांना वाटत होते की गरीब देशांची मुख्य अडचण प्रथिनांची आहे. माशांचे पीठ, प्रथिनयुक्त बिस्किटे अशा योजना तेव्हा आखल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहिलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आकडे तपासून वेगळे मत मांडले. भारतीय माणूस पोटभर जेवला तर त्याच्या नेहमीच्या धान्य-डाळीच्या आहारातून प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. जिथे ती कमी पडतात तिथे मुळात अन्नच कमी असते, असे त्यांचे म्हणणे. उपाशी शरीर प्रथिनेसुद्धा जळणासाठी वापरून टाकते, हे त्यामागचे कारण.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप केले. त्यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक देणारा आहार हा निकष धरला. त्या काळाला हा निकष साजेसा होता. भूक हा मुख्य प्रश्न असताना भूक मोजणारेच माप हवे. मात्र उष्मांकाच्या मापाला एक मर्यादा आहे: ते उष्मांक भाकरीचे आहेत, साखरेचे आहेत की शेंगदाण्याचे, हे त्यातून कळत नाही. पुढे रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आले, पोट भरले आणि उष्मांकाचे माप पुरे झाले. शरीराचा हिशेब मात्र पुरा झाला नाही. तो कुठे अडला, हे कळायला खेड्यातल्या नवजात बाळांची मापे घ्यावी लागली.

सहा गावांतली बाळे

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक महाराष्ट्राला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. वैद्यकाच्या जगात ते आणखी एका कारणाने माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्याच केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३च्या सुमारास जिल्ह्यातली सहा खेडी निवडून एक दीर्घ अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात होत्या. आईच्या पोटात असताना झालेले पोषण माणसाचे पुढचे आजार ठरवते, ही साउदम्प्टनच्याच डेव्हिड बार्कर यांची मांडणी तेव्हा जगभर चर्चेत होती. ती भारतात पडताळून पाहायची होती.

अभ्यासाची रीत खडतर होती. गावातल्या विवाहित स्त्रियांची आधीपासून नोंद ठेवायची, गर्भ राहिला की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्या काय आणि किती खातात हे पाहायचे, त्या कोणती कामे करतात ते लिहायचे आणि बाळ जन्मले की लवकरात लवकर त्याचे वजन, लांबी, डोके, दंड, पोट आणि कातडीखालची चरबी मोजायची.

या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. अठराव्या आठवड्यात त्यांना दिवसाला जेमतेम १,७७० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती; अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे गरज वाढलेली असताना, दोन्ही आकडे किंचित खालीच आले होते. वर शेतातली कामे आणि पाणी भरणे चालूच. ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांची बाळे लहान, हेही नोंदींतून दिसले. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आत भरले.

ही मापे साउदम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवली, तेव्हा चकित करणारी गोष्ट दिसली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे. आपले त्याहून सुमारे ८०० ग्रॅमने हलके. पण हा हलकेपणा सर्वत्र सारखा नव्हता. पोटाचा घेर, म्हणजे आतल्या यकृतासारख्या अवयवांची वाढ, फार कमी होती. दंड बारीक होते, म्हणजे स्नायू कमी होते. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र फारशी कमी नव्हती. स्नायूंत आणि अवयवांत काटकसर झाली होती, चरबीत झाली नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ‘थिन-फॅट बेबी’, म्हणजे बारीक पण चरबीचे बाळ, हा शब्दप्रयोग जगाच्या वैद्यकात रूढ केला.

दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र

मोठेपणी हे कसे दिसते, याचा एक नमुना ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली छापून आला. त्यात शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचे छायाचित्र होते. एक स्वतः डॉ. याज्ञिक, दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. या मापाने दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाची इंग्रजी आद्याक्षरे एकच, म्हणून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असे नाव पडले. वजनकाटा आणि आरसा दोघेही किती फसवे असू शकतात, हे त्या एका चित्रात होते.

मधुमेहाशी याचा संबंध असा. जेवणानंतरचे ग्लुकोज शोषून घेणारी सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ज्या शरीरात स्नायू मुळात कमी, तिथे ती जागाच कमी. ग्लुकोज जास्त वेळ रक्तात राहते, स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडावे लागते. उरलेल्याची चरबी होते. कातडीखाली चरबी ठेवायची सोय मर्यादित असली तर ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठते. तिथली चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड आणखी राबते आणि अखेर थकते. अशा शरीराला रोजच्या ताटातून प्रामुख्याने पिष्ट आणि साखरच मिळत राहिली, तर तो टप्पा लवकर येतो. तेच ताट दिवसभर पाण्याचे हंडे वाहणाऱ्या आणि खुरपणी करणाऱ्या शरीराने पचवले, पण यंत्रावर उभ्या किंवा खुर्चीवर बसलेल्या शरीराला ते पचवता येईलच असे नाही.

मोठ्या तिघांखेरीज

आता अभ्यासातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग. आई किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाते, यावरून बाळाचा आकार ठरत असेल, अशी कोणाचीही अपेक्षा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्यातल्या स्निग्ध पदार्थांचा संबंध बाळाच्या लांबी-वजनाशी दिसला. पण ठळक संबंध होता तो दुधाशी, हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी. ज्या स्त्रिया हे पदार्थ वरचेवर खात, त्यांची बाळे मोठी होती.

याचा अर्थ उष्मांक आणि प्रथिने बिनमहत्त्वाची, असा नव्हे. त्या गावांत सगळ्यांच्याच ताटात ती थोड्याफार फरकाने सारखीच बेताची होती. फरक पडत होता तो सोबतच्या गोष्टींनी. घर बांधायला विटा आणि मजुरीचे पैसे असून भागत नाही, गवंडीही लागतो. मिळालेल्या प्रथिनांतून नवी पेशी घडवायची तर फॉलेट, जीवनसत्त्व ब-१२, लोह, जस्त यांची गरज असते. पालेभाजीत फॉलेट असते. ब-१२ वनस्पतींपासून जवळजवळ मिळतच नाही. त्याला दूध, अंडी, मासे किंवा मांसच हवे. या गावांतल्या सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी सापडले. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ज्या आयांचे ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची वृत्ती सर्वाधिक दिसली. म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या टाळाव्यात, असे कोणी समजू नये. मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांपासून त्या बाळाचे रक्षण करतात. सांगणे इतकेच की एकट्या फॉलेटने काम होत नाही, जोडीला ब-१२ हवे.

नुसत्या निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून पुढे प्रयोग झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत हजारो स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. सगळ्या बाळांच्या वजनात मिळून मोठा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. शिवाय खाऊ घेणाऱ्या गटात गर्भारपणातला मधुमेह ७.३ टक्के आढळला आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या मूळ अभ्यासात जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर २०१२पासून त्यांनाच ब-१२ देण्याचा ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. ज्या मुलींची मापे त्या जन्मल्या तेव्हा घेतली, त्यांच्याच पोटच्या बाळांपर्यंत हा अभ्यास आता पोचला आहे. पोषणाची सुरुवात गर्भारपणाच्या नोंदणीपासून होत नाही, ती मुलगी शाळेत असतानाच व्हायला हवी, असे या सगळ्यातून दिसते.

आजचे ताट

आता एक नमुन्याचे ताट मांडून पाहू. एका बाईचा दिवस: ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी, म्हणजे २१० ग्रॅम पीठ, ७५ ग्रॅम तांदळाचा भात, २५ ग्रॅम तूरडाळीची पातळ आमटी, १०० ग्रॅम भाजी, २० ग्रॅम तेल, आणि तीन कप चहा, ज्यात सगळे मिळून १०० मिलिलिटर दूध आणि ३० ग्रॅम साखर. उष्मांक होतात सुमारे १,४८०. त्यांतले सुमारे ७० टक्के कर्बोदकांचे. प्रथिने भरतात ३८ ग्रॅम, आणि त्यांतली २१ एकट्या भाकरीतून येतात. ज्वारीतले प्रथिन शिजवल्यावर पचायला काहीसे अवघड होते, हे वेगळेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. गर्भारपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर.

एरवीच्या दिवसांतली तूट ८ ग्रॅमची आहे. ती भरायला पावडरीचा डबा लागत नाही. ४० ग्रॅम मटकी मोड आणून उसळ केली की ८ ग्रॅम मिळतात. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. एका अंड्यातून सहा-साडेसहा ग्रॅम, वर ब-१२. पेलाभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम. शिरूर-दौंडच्या घरांत यातले काहीच परके नाही. अडचण वेगळी आहे. दूध डेअरीला जाते आणि चहापुरते मागे राहते. मटकीच्या आणि तुरीच्या ओळींची जागा उसाने घेतली, त्यामुळे जे रानातून यायचे ते आता विकत आणावे लागते. आणि विकत आणायचे म्हटले की डाळ पातळ होते, भात वाढतो.

ही गत केवळ या दोन तालुक्यांची नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून, असे त्यात आढळले. कर्बोदकांची ५ टक्के ऊर्जा कमी करून तिथे कडधान्यांतली किंवा दुधातली प्रथिने आणली, तर मधुमेहाची शक्यता घटते, असा संबंध दिसला. उलट, पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ तेवढ्याच प्रमाणात खाल्ले तर तसा फायदा दिसला नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला जरा लागणारा आहे. शहरात सध्या ज्वारी-बाजरीला मोठा मान आला आहे. तो योग्यही आहे, कारण त्यांत तंतू आणि खनिजे पांढऱ्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. पण ज्वारीतही दोनतृतीयांश भाग कर्बोदकांचाच असतो. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी आल्याने ताटाचा तोल बदलत नाही. दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट उसळ आली तर बदलतो. गुळाचेही तसेच. दौंडचा गूळ कितीही खरा आणि चवीचा असला तरी त्यात शेकडा ८५ भाग कर्बोदकेच असतात. चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणून स्वादुपिंडाचे काम हलके होत नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत. आपल्या नमुन्याच्या ताटातले तीन कप चहाच ती ओलांडतात.

परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या नमुन्यात २,००० उष्मांकांच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाण्यासारखा सुकामेवा आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. धान्याचा वाटा ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये, असे ती संस्था सांगते. हा नमुना महाग वाटेल आणि अनेक घरांना तो तसा आहेच. म्हणूनच रेशनवर नुसते गहू-तांदूळ देऊन भागत नाही, डाळ आणि तेलही द्यायला हवे. शाळेच्या जेवणात अंडे असावे की नसावे, हा वादही केवळ रुचीचा नाही, ब-१२चा आहे.

पण हिशेबाचा एक भाग घरातच सुटण्याजोगा आहे. अजूनही पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते. तोवर आमटीत खाली पाणी उरलेले असते, उसळ संपलेली असते, भाकरी मात्र असते. तिचे पोट भरते, कारण भाकरीने पोट भरतेच. तिच्या वाट्याला जे येत नाही ते नेमके दूध, डाळ, भाजी, अंडे. आणि त्या गावांतल्या मापांनी दाखवून दिले आहे की ते न येण्याचा हिशेब तिच्या बाळाच्या दंडात आणि पाठीवरच्या चरबीत लिहिला जातो, आणि तो पुढे सहाव्या वर्षी रक्ततपासणीत वाचता येतो.

दिवाळीच्या दिवसांत ताटाचा विषय काढणे बरे नव्हे, हे कळते. करंजी-लाडू खुशाल खावेत. वर्षातले चार दिवस कोणाला मधुमेह देत नाहीत. उरलेल्या दिवसांचा प्रश्न आहे. फराळ आटोपून घर नेहमीच्या स्वयंपाकाला लागेल, तेव्हा मूठभर मटकी रात्री भिजत घालावी. आणि ती उसळ वाढताना घरातल्या मुलीला आणि सुनेला आधी वाढावी.